परराज्यातली गाडी आणि एमएच-२९

भारतात मोटारीची नोंदणी एकदा झाली की ती देशभर चालते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे: एका राज्यात नोंदलेल्या वाहनाची दुसऱ्या राज्यात वेगळी नोंदणी करण्याची गरज नाही. लगेच पुढचे कलम ४७ मात्र सांगते की तेच वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागेल. बदलीच्या नोकरीत असलेल्यांची सारी कटकट या दोन शेजारच्या कलमांतून निघते. गाडी तीच, मालक तोच, चेसिस आणि इंजिनाचे क्रमांकही तेच. बदलते ते एवढेच, की रस्त्याचा कर कोणत्या राज्याच्या तिजोरीत जायचा. नंबर प्लेटवरची पहिली दोन अक्षरे बदलण्याचा खटाटोप हा मुळात कराचा हिशेब आहे. हे ध्यानात घेतले की एरवी विक्षिप्त वाटणारे नियम बरेच सुसंगत दिसू लागतात.

या हिशेबाचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. यंत्रचलित वाहने आणि त्यांच्यावरील कराची तत्त्वे हा विषय समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे, तर प्रत्यक्ष कर बसवण्याचा अधिकार राज्य सूचीत ५७ व्या क्रमांकावर. त्यामुळे नोंदणीचे नियम आणि अर्जांचे नमुने दिल्लीत ठरतात व देशभर सारखे असतात. कराचा दर मात्र मुंबई, भोपाळ आणि हैदराबाद आपापला ठरवतात. महाराष्ट्रात हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली घेतला जातो. खासगी मोटारी आणि दुचाकींसाठी तो एकरकमी, म्हणजे गाडी घेतानाच, भरायचा असतो. पेट्रोलच्या मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलच्या मोटारीला १३ ते १५ टक्के असे दर आहेत. आठ लाखांच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्क्यांनी ८८ हजार रुपये होतात. ही रक्कम गाडीच्या पुढच्या सगळ्या वर्षांसाठी आगाऊ घेतली जाते, आणि गाडी तिसऱ्याच वर्षी दुसऱ्या राज्यात गेली की उरलेल्या वर्षांच्या पैशांचे काय, हा प्रश्न उभा राहतो. मासिक किंवा वार्षिक कर असता तर बदलीच्या वेळी कर भरण्याचे ठिकाण बदलून भागले असते. एकरकमी कर सरकारला आणि घरी बसलेल्या मालकाला सोयीचा; फिरतीच्या माणसाला तो जड जातो.

यवतमाळ जिल्ह्याचा नोंदणी क्रमांक एमएच-२९. उपप्रादेशिक परिवहन कार्यालय यवतमाळ शहरात आहे आणि ते अमरावती विभागाखाली येते. औद्योगिकदृष्ट्या मागे पडलेला, कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा जिल्हा अशी यवतमाळची ओळख असली, तरी परराज्यातून बदलून येणारे नोकरदार इथे कमी नाहीत. वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. कोल इंडियाच्या या उपकंपनीचे मुख्यालय नागपुरात असून तिच्या खाणी विदर्भाबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा आणि बैतूल जिल्ह्यांतही आहेत. बैतूलमधल्या पाथाखेड्याहून वणीजवळच्या उकणी किंवा राजूर खाणीवर बदली होणे ही या कंपनीत नेहमीची गोष्ट. मुकुटबनला मोठा सिमेंट कारखाना आहे, यवतमाळजवळ लोहारा औद्योगिक वसाहतीत कापड गिरणी आहे, राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा तालुक्या-तालुक्यांत आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाच्या कामावरही बाहेरचे अभियंते येतात. या लोकांच्या सामानाच्या ट्रकमागोमाग एमपी पासिंगची, टीएस पासिंगची किंवा छत्तीसगडची सीजी अक्षरांची गाडी येतेच.

बदली राज्यातल्या राज्यात असेल तर प्रश्न फार सोपा असतो. उमरेडच्या खाणीतून वणीला आलेल्या कर्मचाऱ्याच्या गाडीवर नागपूर ग्रामीणचा एमएच-४० क्रमांक असला तरी तो बदलायचा नसतो. कलम ४९ नुसार पत्ता बदलल्याची माहिती तीस दिवसांत द्यायची, त्यासाठी नमुना ३३ भरायचा, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आरसी बुकावर, नवा पत्ता चढवून घ्यायचा. कर आधीच महाराष्ट्राला मिळालेला असल्याने नवा कर लागत नाही. तरीही हे काम बहुतेक जण टाळतात. मग ई-चलनाची नोटीस जुन्या घरी जाते आणि गाडी विकायच्या दिवशी थकलेले दंड समोर येतात.

राज्य बदलले की बारा महिन्यांचे घड्याळ सुरू होते. ही मुदत नवी नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही दुसऱ्या प्रांतात नेलेल्या वाहनासाठी ती होती. त्या काळी यवतमाळ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते, आणि पैनगंगेच्या पलीकडचा आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आज पैनगंगेच्या त्या काठावर तेलंगण आहे. आदिलाबादच्या गाड्यांवर अविभाजित आंध्र प्रदेशात एपी-०१ असे लिहिलेले असे. २ जून २०१४ ला राज्य वेगळे झाल्यावर नव्या गाड्यांना टीएस-०१ मिळू लागले आणि मार्च २०२४ पासून टीजी-०१. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पांढरकवड्याच्या चौकात थोडा वेळ उभे राहिले तरी एकाच जिल्ह्याच्या या तीन पिढ्या ओळीने जाताना दिसतात. जुन्या क्रमांकांच्या गाड्या कायदेशीरच आहेत. राज्याने आपले नाव किंवा अक्षरे बदलली म्हणून मालकाची गाडी आपोआप परराज्यातली ठरत नाही.

कायद्याचा शब्द आहे तो वाहन ‘ठेवण्याचा’. नुसते चालवण्याने मुदत मोजली जात नाही. पांढरकवड्याच्या बँकेत नोकरी आणि घर मात्र आदिलाबादला, अशी माणसे सीमाभागात असतात. त्यांची गाडी रोज सकाळी पाटणबोरीवरून इकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. अशी गाडी वर्षातले तीनशे दिवस महाराष्ट्रात धावली तरी ती ठेवलेली आहे तेलंगणात, म्हणून तिला एमएच-२९ घेण्याची सक्ती करता येत नाही. उलट वणीच्या भालर वसाहतीत कुटुंबासह राहणाऱ्या आणि सणावारालाच बैतूलला जाणाऱ्या माणसाची गाडी निःसंशय महाराष्ट्रात ठेवलेली असते. मधल्या पंधरा दिवसांच्या फेरीने त्याच्या बारा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते असे मानणे धाडसाचे. या दोन टोकांच्या मध्ये मात्र कायदा फारसा बोलत नाही. दर शनिवारी गावी गाडी नेणाऱ्याचे काय, किंवा सहा महिने वणीत आणि सहा महिने पाथाखेड्यात काढणाऱ्या अभियंत्याचे काय, हे कलम ४७ वाचून ठरत नाही.

म्हणूनच तारखेचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. गाडी राज्यात कधी आली हे सांगणारी नोंद आरसीवर नसते. बदलीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, सामान वाहतुकीची पावती, गाडी रेल्वेने आणली असेल तर पार्सलची पावती, टोलनाक्यांवरच्या फास्टॅगच्या नोंदी, घराचा भाडेकरार: ही कागदपत्रे मालकाच्या बाजूने बोलतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे महामार्गाने आलेल्या गाडीचा माग बँकेच्या विवरणपत्रात आपोआप राहतो. पिंपळखुटी येथे सीमा तपासणी नाका आहे, पण तो मुख्यत्वे मालवाहू आणि परवान्यावर चालणाऱ्या वाहनांसाठी. खासगी मोटारीच्या प्रवेशाची नोंद तिथे शोधू नये.

बारा महिने संपायच्या आत परराज्यातल्या क्रमांकाची गाडी चालवणे हा गुन्हा नाही. तपासणीत विचारणा होऊ शकते. आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना दाखवला आणि आल्याची तारीख सांगता आली की केवळ प्लेटवरच्या अक्षरांसाठी दंड करायला आधार उरत नाही. राज्यांना मात्र ही वर्षभराची सूट फार आवडत नाही. कर्नाटकने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांहून अधिक राहिलेल्या बाहेरच्या गाड्यांवर आजीवन कर लावला. बेंगळुरूत स्थायिक होत असलेल्या हजारो तरुणांना त्याचा फटका बसला, आणि २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. केंद्राच्या कायद्याने वर्षभराची मोकळीक दिलेली असताना राज्याने ती महिन्यावर आणावी हे न्यायालयाला मान्य झाले नाही. यवतमाळच्या वाचकाला या निकालाचा उपयोग एवढाच की बारा महिन्यांची मुदत किती पक्की आहे हे त्यातून दिसते.

मुदत संपल्यावर अर्ज करण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ५४ ने आणखी तीस दिवस दिले आहेत. त्यानंतरही अर्ज केला नाही तर कायद्यातला दंड फार मोठा नाही. मोठा असतो तो कर. परराज्यातली गाडी वर्षानुवर्षे इथे फिरत असल्याचे आढळले तर परिवहन कार्यालय देय कराची मागणी व्याजासह करू शकते, आणि गाडी जुनी होत गेली तरी ती मागणी मागच्या तारखेपासून लागते. ‘बघू पुढच्या वर्षी’ हा विचार अशा वेळी महागात पडतो.

नवा क्रमांक मिळवण्याची पहिली पायरी यवतमाळमध्ये नसून गाडी जिथे नोंदली आहे तिथे असते. तिथल्या परिवहन कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. लोक त्याला सरळ एनओसी म्हणतात. कायद्यात त्यासाठी कलम ४८ आणि नमुना २८ आहे. आता हा अर्ज केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरून, ‘वाहन’ प्रणालीतून करता येतो. अर्जासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने कागदावर उतरवलेला ठसा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा वित्त कंपनीची लेखी संमतीही हवी. कार्यालय तीन गोष्टी पाहते: गाडी चोरीच्या गुन्ह्यात नाही ना, कर व अन्य सरकारी देणी थकलेली नाहीत ना, आणि कर्जदात्याची हरकत नाही ना. थकलेले ई-चलन निघाले तर अर्ज तिथेच अडतो, आणि ते तीन वर्षांपूर्वी भोपाळच्या एखाद्या सिग्नलवर कापले गेलेले असू शकते.

या कलमात नागरिकाच्या सोयीची एक तरतूद आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. अर्ज मिळाल्याची पावती देणे कार्यालयावर बंधनकारक आहे, आणि तीस दिवसांत मंजुरी किंवा कारणासह नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिले गेले असेच कायदा मानतो. इतकेच नव्हे, तर कलम ४७ नुसार प्रमाणपत्र हातात नसले तरी ती पावती, किंवा अर्ज टपालाने पाठवला असेल तर त्याची पोच, जोडून आणि नकार आलेला नाही असे स्वतः जाहीर करून नव्या राज्यात अर्ज करता येतो. कागदावर हा मार्ग अगदी मोकळा आहे. संगणकावर मात्र जुन्या कार्यालयाने नोंद पुढे सोडल्याशिवाय नव्या कार्यालयाच्या पडद्यावर ती गाडी पूर्णपणे येत नाही, त्यामुळे कायद्याने मानलेल्या मंजुरीपेक्षा प्रत्यक्ष मंजुरीच्या मागे लागणे शहाणपणाचे. बदलीचा आदेश निघताच, घर हलवण्यापूर्वी, हे काम केले तर दुसरी खेप वाचते. अर्थात वर्षभरातच परत जायचे असेल तर एनओसी घेऊच नये, कारण ती घेतली की गाडी जुन्या राज्याच्या नोंदीतून निघू लागते आणि परतीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

एनओसी कोणत्या कार्यालयाच्या नावे काढायची, हा यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः वणी पट्ट्यात, खरोखर विचार करण्याचा मुद्दा आहे. वणी शहर यवतमाळपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. चंद्रपूर त्याला कितीतरी जवळ. दवाखाना, मोठी खरेदी, रेल्वे या सगळ्यासाठी वणीकर चंद्रपूरकडेच पाहतात. त्यात वेस्टर्न कोलफील्ड्सची नावे गोंधळात भर घालतात. ‘वणी नॉर्थ’ क्षेत्रातल्या उकणी, राजूर, कोलारपिंपरी, घोन्सा या खाणी यवतमाळ जिल्ह्यात आहेत. ‘वणी’ क्षेत्रात मात्र वर्धा नदीच्या पलीकडचे, चंद्रपूर जिल्ह्यातले घुग्गुसही येते. बदलीच्या आदेशावर वणी हे नाव पाहून कोणी यवतमाळच्या नावे एनओसी काढतो आणि राहायला घुग्गुसच्या वसाहतीत जातो. कलम ४७ सांगते की ज्या नोंदणी अधिकाऱ्याच्या हद्दीत वाहन त्या वेळी आहे, त्याच्याकडे अर्ज करावा. म्हणजे घर घुग्गुसला असेल तर एमएच-३४, भालरला असेल तर एमएच-२९. कार्यालय चुकले तर एनओसी रद्द करून नवी काढण्याची पाळी येते आणि त्यासाठी पुन्हा बैतूल गाठावे लागते. क्वार्टर मिळाल्याचे पत्र हातात आल्यावरच कार्यालयाचे नाव भरणे हा यावरचा साधा उपाय.

यवतमाळच्या कार्यालयात पुढचे काम नमुना २७ ने होते. एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र, पॅन आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. नुकत्याच आलेल्या माणसाकडे वीजबिल नसते; भाडेकरार किंवा कंपनीचे निवासस्थान वाटपाचे पत्र त्या जागी कामी येते. मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर पाहून चेसिस व इंजिनाचे क्रमांक ताडतो, म्हणून गाडी घेऊनच जावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्यांसाठी परिवहन कार्यालयाची तालुक्यांत शिबिरे भरतात. वणी किंवा उमरखेडच्या माणसाने आधी त्यांच्या तारखा पाहिलेल्या बऱ्या. नोंदणीचे शुल्क त्यामानाने किरकोळ असते. मोठी रक्कम जाते ती कराची. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला नव्या गाडीइतका कर लागत नाही. मूळ किंमत, इंधनाचा प्रकार आणि गाडीचे वय पाहून तो कमी होत जातो. कर भरला की नवा क्रमांक मिळतो आणि त्यानुसार उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवावी लागते.

यानंतर जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो. बहुतेक राज्यांच्या कर कायद्यांत तशी तरतूद आहे, महाराष्ट्राच्याही आहे. दुसऱ्या राज्यात नोंदणी झाल्याचे सिद्ध केल्यावर वापरलेल्या काळाचा कर कापून बाकी रक्कम मिळते. क्रम मात्र उफराटा आहे: आधी नव्या राज्याला पूर्ण रक्कम भरायची, नवी आरसी हातात घ्यायची, आणि मग तिची प्रत जोडून जुन्या राज्याकडे परताव्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे काही काळ एकाच गाडीचा कर दोन्ही राज्यांकडे पडून असतो. प्रत्येक राज्याची परताव्याची मुदत, कोष्टक आणि कागदपत्रे वेगळी. दुचाकीचा परतावा इतका छोटा असतो की बैतूलला जाण्या-येण्याच्या खर्चातच तो संपतो, म्हणून अनेक जण त्याचा नाद सोडतात. या कामात एजंटाचा आधार घेणाऱ्यांनी निदान एक पाळावे: जुन्या राज्यात भरलेल्या कराची मूळ पावती हातातून सोडू नये.

क्रमांक बदलला की त्याच्याशी जोडलेल्या इतर नोंदीही बदलाव्या लागतात. विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा क्रमांक चढवून घ्यायचा असतो, नाहीतर अपघाताच्या दाव्यात पॉलिसीवर एक गाडी आणि पंचनाम्यात दुसरी अशी स्थिती होते. खासगी मोटारींच्या विम्यात मुंबई, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू यांसारखी मोठी शहरे ‘अ’ विभागात आणि उरलेला देश ‘ब’ विभागात धरतात. हैदराबादहून यवतमाळला आलेल्याने नूतनीकरणाच्या वेळी हा फरक विचारून घ्यावा. फास्टॅग गाडीच्या क्रमांकाला बांधलेला असल्याने तोही अद्ययावत करावा लागतो. कर्ज देणाऱ्या बँकेलाही नव्या आरसीची प्रत द्यावी, म्हणजे कर्ज फिटल्यावर बोजा उतरवताना क्रमांकाचा घोळ होत नाही. चालकाचा परवाना मात्र देशभर चालतो. मध्य प्रदेशात काढलेल्या परवान्यावर यवतमाळात गाडी चालवण्यास काहीच आडकाठी नाही.

दर बदलीला हे सारे करायचे, या त्रासावर केंद्राने २०२१ मध्ये वेगळा मार्ग काढला. २६ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने ‘भारत’ मालिका जाहीर झाली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून ती अमलात आली. आधीच्या मसुद्यात या मालिकेसाठी ‘आयएन’ ही अक्षरे सुचवली होती. अंतिम नियमात ‘बीएच’ आली. या क्रमांकात राज्याची किंवा जिल्ह्याची खूण नसते. पहिल्या नोंदणीच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी एक-दोन अक्षरे अशी त्याची रचना असते. अशी गाडी वणीहून पाथाखेड्याला आणि तिथून आणखी कुठेही गेली तरी कलम ४७ चा प्रश्न येत नाही.

ही मालिका कोणालाही मिळत नाही. संरक्षण दलांतील कर्मचारी, केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. खासगी कर्मचाऱ्याला नमुना ६० मध्ये नोकरीचे प्रमाणपत्र आणावे लागते. सरकारी कर्मचाऱ्याला डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने ओळखपत्राखेरीज सेवा प्रमाणपत्रावरही अर्ज करता येऊ लागला. त्याच दुरुस्तीने आधीपासून राज्याच्या क्रमांकावर धावणाऱ्या गाडीलाही बीएचमध्ये आणण्याची सोय झाली, आणि अर्ज राहत्या ठिकाणी किंवा नोकरीच्या ठिकाणी कुठेही करता येईल असे ठरले. पात्रतेची ही यादी पाहिली की एक विसंगती जाणवते. राज्य सरकारचा जो कर्मचारी निवृत्तीपर्यंत दारव्हा, दिग्रस, पुसद एवढ्यातच फिरणार तो पात्र. आणि वणीच्या खाणीत माती उपसणाऱ्या छोट्या कंत्राटदाराचा झारखंडी पर्यवेक्षक, जो दर दोन वर्षांनी राज्य बदलतो, तो अपात्र, कारण त्याच्या मालकाची कार्यालये दोनच राज्यांत आहेत. ज्याला या सोयीची निकड सर्वांत जास्त, तो नेमका तिच्या बाहेर राहिला.

बीएच गाडीचा कर एकरकमी नसून दोन वर्षांचा किंवा दोनच्या पटीतला असतो. गाडीची किंमत दहा लाखांखाली असेल तर आठ टक्के, दहा ते वीस लाखांना दहा टक्के आणि त्यावर बारा टक्के असा आधार धरलेला आहे. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. त्यामुळे सुरुवातीला खिशातून जाणारी रक्कम एकरकमी कराच्या मानाने बरीच लहान असते. चौदावे वर्ष संपल्यावर कर दरवर्षी, आधीच्या निम्म्या रकमेने लागतो. हप्त्याची तारीख मात्र विसरून चालत नाही: मुदत संपून सात दिवस झाले की दिवसाला शंभर रुपये दंड सुरू होतो. दोन वर्षांनी एकदा येणारी तारीख विसरायला फार सोपी, आणि दोन महिने विसरली तरी पाच हजारांच्या वर दंड चढतो. अशी गाडी विकताना घेणारा या मालिकेला पात्र नसेल तर ती राज्याच्या क्रमांकावर आणावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. यवतमाळच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात बीएच गाडीचा भाव ठरताना घेणारा हा खर्च हिशेबात धरतो. ज्याची नोकरी बदलीची आहे आणि गाडी सहा-सात वर्षे तरी स्वतःकडेच ठेवायची आहे, त्याला बीएच फायद्याची. दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने आणि यवतमाळातच घर बांधलेल्याने तिच्या मागे लागण्याचे कारण नाही.

बदलीचा आदेश खिशात असताना नवी गाडी घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा. यवतमाळात गाडी घेऊन महिन्याभरात रायपूरला जाणाऱ्याने एमएच-२९ घेतला तर महाराष्ट्राचा पूर्ण कर भरून वर्षभरात परताव्याच्या मागे लागावे लागेल. त्याऐवजी कलम ४३ खाली तात्पुरती नोंदणी घेऊन कायमची नोंदणी नव्या मुक्कामी करता येते.

निवृत्त होऊन गावी परतणाऱ्यांची गाडी बहुधा जुनी असते, आणि तिच्याबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. नवा क्रमांक मिळाला म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. बैतूलला २०१२ मध्ये नोंदलेली मोटार २०२५ मध्ये एमएच-२९ झाली तरी तिची मुदत २०२७ मध्येच संपते. त्यानंतर नमुना २५ भरून, तपासणी करून आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. म्हणून अशा गाडीची मुदत वर्ष-दीड वर्षावर आली असेल, तर एनओसीसाठी धाव घेण्यापूर्वी नव्या राज्याचा कर, नूतनीकरणाचे शुल्क आणि गाडीला आज मिळणारी किंमत यांचा एकत्र हिशेब करावा. तो तोट्याचा निघाला तर गाडी नोंदणीच्या मूळ राज्यातच विकणे बरे. तिथल्या तिथे मालकी बदलायला ना एनओसी लागते, ना दुसऱ्या राज्याचा कर.